संहितेच्या पलीकडचे पर्व : ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सहाव्या पर्वाचा कथनमीमांसात्मक विचार

१

दूरचित्रवाणी मालिकेचा विचार साहित्याभ्यासात बहुधा माध्यमांतराच्या अंगाने केला जातो. मूळ कादंबरी आधी सिद्ध असते, दृश्यरूप नंतर येते, आणि अभ्यासक दोहोंची तुलना करून काय राखले, काय गाळले, काय वाढवले याचा हिशेब मांडतो. या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत आहे : मूळ संहिता पूर्ण झालेली आहे. हे गृहीतच जेथे लागू पडत नाही, असे एक ठळक उदाहरण म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकन मालिकेचे सहावे पर्व होय. २४ एप्रिल ते २६ जून २०१६ या काळात ते दहा भागांत प्रसारित झाले. या पर्वात मालिका ज्या कादंबऱ्यांवर आधारलेली होती त्यांच्या पुढे निघून गेली आणि रूपांतरकारांना लेखकाची जागा घ्यावी लागली.

प्रस्तुत लेखात या पर्वाचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. आधारसंहिता संपल्यानंतर कथेच्या अंतर्गत नियमांचे काय होते? पात्राच्या कृतीचा परिणाम कोणी भोगावयाचा, याविषयी त्या कथेने आरंभी घालून दिलेला दंडक पुढे पाळला जातो का? या प्रश्नाच्या उत्तरावर या पर्वाचे मूल्यमापन बरेचसे अवलंबून आहे.

२

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेतील पहिली कादंबरी, ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’, १९९६ साली प्रसिद्ध झाली. पुढील कादंबऱ्या १९९८, २०००, २००५ आणि २०११ या वर्षी आल्या. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी एचबीओ वाहिनीसाठी केलेल्या रूपांतराचा आरंभ एप्रिल २०११ मध्ये, म्हणजे पाचवी कादंबरी प्रकाशित होण्यापूर्वी काही महिने, झाला. पहिल्या चार पर्वांत मार्टिन यांनी प्रत्येकी एका भागाचे लेखनही केले. पाचव्या पर्वापासून त्यांनी हे काम थांबवले. सहावी कादंबरी, ‘द विंड्स ऑफ विंटर’, पूर्ण करण्यास वेळ मिळावा हा त्यामागील हेतू होता.

तो साध्य झाला नाही. २ जानेवारी २०१६ रोजी मार्टिन यांनी ही कादंबरी पूर्ण झाली नसल्याचे जाहीर केले. दूरचित्रवाणीचे वेळापत्रक लेखकाच्या गतीने चालत नाही. सहावे पर्व ठरल्या वेळी प्रसारित झाले आणि त्याच्या अखेरच्या भागाला जे नाव देण्यात आले ते होते ‘द विंड्स ऑफ विंटर’. न झालेल्या ग्रंथाचे नाव झालेल्या भागाने घेतले. मालिका १९ मे २०१९ रोजी ७३ भागांनंतर समाप्त झाली, तेव्हाही ती कादंबरी प्रकाशित झालेली नव्हती.

तथापि सहावे पर्व संपूर्णपणे संहितेबाहेरचे आहे असे मानणे चुकीचे ठरेल. लोहद्वीपांवरील राजनिवडीची सभा आणि रिव्हररन किल्ल्याचा वेढा हे प्रसंग चौथ्या कादंबरीतील आहेत. शिवाय मार्टिन यांनी बेनिऑफ आणि वाइस यांना कथेच्या भविष्यातील काही ठळक घटना आधीच सांगून ठेवल्या होत्या. त्यामुळे या पर्वात तीन थर एकत्र नांदतात : लिहिलेल्या कादंबरीतून आलेले, लेखकाने तोंडी सांगितलेले आणि रूपांतरकारांनी स्वतः रचलेले. हे थर ध्यानात ठेवले नाहीत तर पर्वाच्या गुणदोषांची चर्चा ‘मूळ चांगले, रूपांतर वाईट’ अशा सोप्या निवाड्यावर येऊन थांबते.

३

अपूर्ण ग्रंथ दुसऱ्या हाताने पूर्ण होणे ही गोष्ट मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. ज्या शब्दाने मराठीत या साहित्यप्रकाराची ओळख होते तो ‘कादंबरी’ हा शब्दच अशा एका कृतीवरून आला आहे. बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या निधनामुळे अपुरी राहिली आणि तिचा उत्तरभाग त्याच्या पुत्राने रचला. कथा अपुरी राहिल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून हे काम हाती घेतले, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, असा खुलासा त्याने आरंभी केला आहे. ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गानंतरचे सर्गही कालिदासाचे नाहीत असेच बहुसंख्य अभ्यासक मानतात.

या दृष्टान्तांत आणि प्रस्तुत उदाहरणात एक महत्त्वाचा भेद आहे. बाणाचा पुत्र पित्याच्या पश्चात लिहीत होता; त्याच्यासमोर मूळ ग्रंथ स्थिर होता. येथे मूळ लेखक हयात आहे, त्याचे लेखन चालू आहे आणि त्याने सांगितलेला शेवट दुसऱ्या माध्यमात त्याच्याआधी प्रकट होतो. मार्टिन लेखकांचे दोन वर्ग मानतात : आराखडा आखून बांधणारे वास्तुकार आणि बी पेरून वाढ पाहणारे माळी. स्वतःची गणना ते दुसऱ्या वर्गात करतात. माळ्याने पेरलेल्या बागेचे पीक ठरल्या तारखेस काढण्याची जबाबदारी वास्तुकारांवर येऊन पडली, अशी ही स्थिती होती. पीक कोणत्या बीजापासून आले हे त्यामुळे पदोपदी तपासावे लागते.

४

या कथेने आरंभी घालून दिलेला दंडक कोणता, हे प्रथम पाहिले पाहिजे. पहिल्या पर्वाच्या नवव्या भागात नेड स्टार्क या मध्यवर्ती पात्राचा शिरच्छेद होतो. तो सज्जन असतो. परंतु आपण काय शोधून काढले आहे हे तो शत्रूलाच आधी सांगतो आणि ही चूक त्याला भोवते. तिसऱ्या पर्वाच्या नवव्या भागात (२०१३) त्याचा पुत्र रॉब फ्रे घराण्याला दिलेले विवाहाचे वचन मोडल्यामुळे लग्नाच्या मेजवानीत मारला जातो. दोन्ही प्रसंगांनी प्रेक्षकांना हादरवले; पण मागे वळून पाहता दोहोंची कारणपरंपरा अखंड दिसते. धक्का आणि अपरिहार्यता यांचा असा मेळ हे या कथेचे मुख्य बळ होते.

तिसऱ्या पर्वाच्या शेवटी ब्रॅन एक दंतकथा सांगतो. एका स्वयंपाक्याने राजपुत्राला मारून त्याचे मांस राजाला खाऊ घातले. देवांनी त्याला उंदीर केले ते हत्येसाठी नव्हे, राजाला पुत्राचे मांस चारले म्हणूनही नव्हे. आपल्या छपराखालच्या पाहुण्याला मारले म्हणून. अतिथिधर्माचे महत्त्व भारतीय वाचकास वेगळे सांगावे लागत नाही. सहाव्या पर्वाच्या अखेरीस आर्या स्टार्क वॉल्डर फ्रेला त्याच्याच मुलांच्या मांसाचा पदार्थ वाढते आणि मग त्याचा गळा चिरते. तीन पर्वांपूर्वी पेरलेली दंतकथा येथे फळते, परंतु उलट्या क्रमाने. ज्याने पाहुणे मारले त्याला स्वयंपाक्याची शिक्षा देण्यासाठी आर्या स्वतःच स्वयंपाक्याची भूमिका घेते. सूड पूर्ण होतो आणि सूड घेणारी व्यक्ती शापित प्रतिमेत शिरते. कारणपरंपरेचा दंडक येथे पाळला गेला आहे.

५

जॉन स्नोच्या पुनरुज्जीवनाबाबत तसे म्हणता येत नाही. पाचव्या कादंबरीत आणि पाचव्या पर्वाच्या शेवटी (२०१५) उत्तरेच्या भिंतीवरील सहकारी त्याला भोसकतात. सहाव्या पर्वाच्या दुसऱ्या भागात मेलिसांड्रे ही पुजारीण त्याला जिवंत करते. अद्भुताच्या राज्यात मृत उठणे हा दोष नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१) पासूनच्या मराठी अद्भुतरम्य कादंबरीच्या वाचकाला अशक्य वाटणाऱ्या भेटी आणि सुटका परक्या नाहीत. प्रश्न त्या अद्भुताच्या किमतीचा आहे.

मार्टिन यांच्या विश्वात पुनरुज्जीवन फुकट मिळत नाही. बेरिक डॉन्डॅरियन प्रत्येक वेळी परत येताना स्वतःचा काही अंश गमावतो. हे मालिकेनेही तिसऱ्या पर्वात सांगितले आहे. तिसऱ्या कादंबरीच्या उपसंहारात कॅटलिन स्टार्क परतते ती सूडाखेरीज काही न उरलेली, जवळजवळ प्रेतवत अशी. मालिकेने हे पात्र गाळले. परिणामी जॉन परतला तेव्हा त्याच्या परतण्याची तुलना करावयास प्रेक्षकांजवळ फारसे काही उरले नाही. मृत्यूपलीकडे काहीही नव्हते, असे तो सांगतो. आपल्या चार मारेकऱ्यांना तो फाशी देतो. त्यांत एक कोवळा मुलगा आहे. नंतर अंगावरचा काळा झगा उतरवून तो निघून जातो, कारण पहाऱ्याची शपथ मृत्यूपर्यंतची होती आणि मृत्यू येऊन गेला आहे. शपथेच्या शब्दार्थातून मुक्ती शोधणारी ही कल्पना चतुर आहे आणि मुलाच्या फाशीचे दृश्य अस्वस्थ करणारे आहे. परंतु पुढील भागांत ही अस्वस्थता टिकत नाही. जॉन पूर्वीचाच जॉन राहतो. मृत्यू हा त्याच्या वाटेतील केवळ एक अडथळा ठरतो.

६

याच्या अगदी उलट, पाचव्या भागात (‘द डोअर’) कथेचा दंडक पूर्ण तीव्रतेने प्रकटतो. ब्रॅन मार्गदर्शकाची आज्ञा मोडून एकटाच दृष्टान्तात जातो. तेथे मृतांचा अधिपती त्याला स्पर्श करतो आणि त्यामुळे ब्रॅनच्या आश्रयस्थानाचे रक्षण नाहीसे होते. हल्ला होतो. ब्रॅन त्या वेळी भूतकाळ पाहत असतो. त्याच वेळी तो वर्तमानातील होडोर या आपल्या सेवकाच्या मनाचा ताबा घेतो. मागून मीरा ओरडते, ‘होल्ड द डोअर’. दार धरून ठेव. ही आज्ञा भूतकाळातील विलिस नावाच्या मुलापर्यंत पोहोचते. तो कोसळतो आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारू लागतो. शब्द झिजत झिजत अखेर एकच ध्वनी उरतो : होडोर. त्याचे बोलणे, त्याचे नाव आणि त्याचे आयुष्य अजून न घडलेल्या एका क्षणाने आधीच खाऊन टाकलेले असते.

ही कल्पना मार्टिन यांनी सांगितलेल्यांपैकी आहे, असे रूपांतरकारांनी जाहीर केले आहे. पहिल्या कादंबरीपासून हा सेवक एकच शब्द बोलत होता आणि वाचक त्याकडे विनोदी लकब म्हणून पाहत होते. वीस वर्षांनंतर त्या लकबीचा अर्थ उलगडला तेव्हा मागचे सारे हसू वाचकाच्या अंगावर आले. एका उपेक्षित पात्राची चीज करून घेण्याची ही रीत कारणपरंपरेहून अधिक काही साधते. ब्रॅनच्या चुकीची किंमत दुसऱ्याने भरली, आणि ती चूक घडण्याच्या कितीतरी आधीपासून तो ती भरत होता. स्वामी आणि सेवक यांच्या नात्यातील अन्याय याहून नेमकेपणाने सांगणे कठीण आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे. हे रहस्य सर्वस्वी इंग्रजी ध्वनींवर उभे आहे. डॅनिश, स्वीडिश, जर्मन अशा सजातीय भाषांत ‘होल्ड’ आणि ‘डोअर’ यांना जवळचे शब्द सापडतात. मराठीत ‘धरणे’ हे क्रियापद पूर्ण वेगळ्या ध्वनीचे आहे. गंमत अशी की मराठीतील ‘दार’ आणि इंग्रजीतील ‘डोअर’ हे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळापर्यंत जातात. तरीही त्या नात्याचा अनुवादकाला उपयोग नाही. मराठीत कर्म आधी आणि क्रियापद शेवटी येते. ‘दार धर’ची झीज ‘दाधर’ अशा ध्वनीकडे जाईल, ‘होडोर’कडे नव्हे. पात्राचे नाव ‘दाधर’ ठेवावयाचे तर ते पहिल्याच खंडात ठेवले पाहिजे, आणि त्या वेळी अनुवादकाला रहस्य ठाऊक नसते. चालू असलेल्या कथेचा अनुवादक हा अज्ञात भविष्याशी करार करीत असतो, हे या एका शब्दाने दाखवून दिले आहे.

७

नवव्या भागातील युद्ध (‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’) हे या पर्वाचे सर्वांत गाजलेले प्रकरण. या भागासाठी मिगेल सॅपोचनिक यांना दिग्दर्शनाचे आणि बेनिऑफ-वाइस यांना लेखनाचे एमी पारितोषिक मिळाले. पर्वाला एकूण १२ एमी पारितोषिके लाभली. दृश्यरचना म्हणून हे युद्ध असामान्य आहे. प्रेतांच्या ढिगाखाली जॉन गुदमरतो आणि धडपडत वर येऊन श्वास घेतो, हा त्यातील सर्वोत्कृष्ट क्षण. पावसामुळे चित्रीकरणाचे दिवस कमी पडल्यावर हा प्रसंग आयत्या वेळी योजला गेला, असे दिग्दर्शकाने सांगितले आहे. मृत्यूनंतरच्या जीविताची किंमत ज्या पर्वाने संवादांत मागितली नाही, ती येथे एका दृश्याने क्षणभर मागितली.

परंतु कथनाच्या पातळीवर अडचण उभी राहते. सान्सा आदल्या रात्री जॉनला बजावते : रॅमसे सापळा रचील, धाकटा भाऊ रिकन वाचणार नाही, रॅमसेला जे हवे ते करू नकोस. जॉन नेमके तेच करतो. रिकनसाठी तो एकटा पुढे धावतो, सैन्य आपली जागा सोडते आणि वेढले जाते. नेड आणि रॉब यांच्या दंडकानुसार येथे जॉनचा अंत व्हावयास हवा होता. तेवढ्यात व्हेलचे घोडदळ येते. ते सान्साच्या पत्रावरून आलेले असते, आणि ही गोष्ट तिने जॉनपासून का लपवली याचे समाधानकारक कारण पर्वात सापडत नाही. लपवले नसते तर वेढ्याचा प्रसंग रंगला नसता, हे कारण रचनाकारांचे आहे, पात्राचे नाही.

चुकीची किंमत दिली जाते, पण ती निनावी सैनिकांकडून. वुन वुन हा राक्षसकाय योद्धा दार फोडून मरतो, त्याचाही पुढे शोक होत नाही. दहाव्या भागात जॉन सान्साजवळ खाजगीत तिचे ऋण मान्य करतो. सभेत मात्र सरदार त्याला उत्तरेचा राजा म्हणून घोषित करतात. ज्याच्या आततायीपणाने सैन्य कापले गेले त्याच्याकडे कोणी जाब मागत नाही. रॉब राजा म्हणून घोषित झाला होता तेव्हा त्या घोषणेत त्याच्या नाशाचे बीज दिसत होते. जॉनच्या घोषणेत केवळ जयजयकार ऐकू येतो.

८

दहाव्या भागाचा आरंभ या दोन प्रवृत्तींच्या मधोमध उभा आहे. सर्सी, टॉमेन, मार्जरी आणि धर्मगुरू हाय स्पॅरो आपापल्या जागी सज्ज होत आहेत. संवाद जवळजवळ नाहीत. रामिन जावादी यांच्या संगीतात या मालिकेत प्रथमच पियानो ऐकू येतो. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या दृष्टीतून उलगडते. येथे कॅमेरा कोणाच्याच दृष्टीला बांधलेला नाही, आणि म्हणून सर्वांचे भवितव्य प्रेक्षकाला एकाच वेळी दिसू लागते. संकट मार्जरीच्या ध्यानात येते, पण दारे अडवलेली असतात. तळघरात मेणबत्त्या जळत जळत वाइल्डफायर या हिरव्या ज्वालाग्राही द्रवापर्यंत पोहोचतात आणि बेलॉरचे महामंदिर उद्ध्वस्त होते. टॉमेन मुकुट उतरवून ठेवतो आणि खिडकीतून शांतपणे खाली झोकून देतो.

या घटनेची बीजे दूरवर विखुरलेली आहेत. हा द्रव वेड्या एरिस राजाने नगराखाली साठवला होता आणि नगर जाळण्याचा त्याचा हुकूम अमलात येऊ नये म्हणून जेमीने त्याला ठार केले होते. ही कबुली तिसऱ्या पर्वात आली आहे. त्याच कृत्याचा एक भाग जेमीच्या बहिणीने पार पाडला, आणि जेमी परतला तो तिचा राज्याभिषेक पाहण्यासाठी. सर्सीची तिन्ही मुले मरतील हे भाकीतही तिच्याच कृतीने खरे ठरले. लिखित कादंबरीत नसलेला हा प्रसंग तरीही तिच्या वंशातला वाटतो, कारण त्याचा प्रत्येक धागा मागे नेता येतो. उणीव नंतर जाणवते. राज्यातील बहुसंख्यांचे श्रद्धास्थान जाळणाऱ्या राणीविरुद्ध राजधानीतील सामान्य जनांची काही प्रतिक्रिया सातव्या पर्वात (२०१७) दिसत नाही. कारणे मागे जोडली गेली, परिणाम पुढे जोडले गेले नाहीत.

९

संस्कृत नाट्यशास्त्रातील कार्यावस्थांची परिभाषा येथे मर्यादित अर्थाने उपयोगी पडते. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच अवस्थांपैकी नियताप्ती म्हणजे अडथळे दूर झाल्याने फळ निश्चित दिसू लागण्याची अवस्था. सहावे पर्व नेमके तेथे पोहोचते. रॅमसे, हाय स्पॅरो, डोथ्राकी सरदार, गुलामांचे धनी, फ्रे : एकेक अडसर बाजूला होतो आणि अखेरच्या दृश्यात डेनेरिसचे आरमार वेस्टेरॉसकडे निघते. मात्र या अवस्थेशी शास्त्रकारांनी जो विमर्श संधी जोडला आहे, त्यात क्रोध, व्यसन वा प्रलोभन यांमुळे फळाविषयी पुन्हा विचार करावा लागतो. या पर्वात नियताप्ती भरपूर आहे. विमर्श फक्त काही ठिकाणी आहे. होडोरच्या दारापाशी तो पूर्ण आहे, महामंदिराच्या राखेत अर्धा आहे, विंटरफेलच्या रणांगणावर तो टाळला गेला आहे.

म्हणून या पर्वाचे निर्णायकत्व ‘कादंबरीच्या पुढे गेलेले पर्व’ एवढ्यावर संपत नाही. संहिता हाताशी नसतानाही मूळ कथेचा नियम पाळता येतो, हे महामंदिराच्या प्रसंगाने सिद्ध केले. संहितेचा अभाव हे त्यामुळे दोषाचे समर्थन ठरू शकत नाही. अद्भुतकथेत ड्रॅगन उडतात, मृत चालतात, दृष्टान्त भूतकाळाला स्पर्श करतात. वाचक हे सारे मान्य करतो ते एका अटीवर : माणसाच्या कृतीला तिचा परिणाम चिकटलेला असला पाहिजे. मालिकेच्या अखेरच्या दोन पर्वांवर जे आक्षेप घेतले गेले त्यांचे मूळ याच दहा भागांत शोधता येते, आणि त्यांचे उत्तरही. दार धरून उभा राहिलेला सेवक ते उत्तर आहे. राजांच्या कथेत त्याला एकच शब्द मिळाला होता, आणि त्या एका शब्दात कथेचा सारा हिशेब मावला.